देवगडची रुसलेली गाडी: दोन डोंगल, एक मल्टिमीटर आणि कातळातलं अर्थिंग

एप्रिलचा शेवटचा आठवडा, ऐन आंब्याची घाई. अशा वेळी देवगडहून मावसभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. "गाडी परत रुसली रे. येतंस काय?"

मी कणकवलीत इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्त करतो. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स, त्यानंतर बरीच वर्षं सोल्डरचा धूर. गाड्यांचा मेकॅनिक मी नाही. पण घरात इलेक्ट्रिक गाडी आली की नात्यात ज्याला टेस्टर धरता येतो तो आपोआप तिचा डॉक्टर होतो. दादाने ही गाडी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आता पाच वर्षांची, मोठी बॅटरी सुमारे ३२० व्होल्टची, घरी चार्ज करायला साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा पोर्टेबल बॉक्स. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सापडलं ते कुठल्याही कंपनीच्या गाडीत सापडलं असतं.

तक्रारी दोन होत्या. पहिली: सकाळी बटण दाबलं की डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी. ब्रेक, स्टिअरिंग, मोटर, बॅटरी, सगळे पिवळे-लाल. गाडी 'रेडी' व्हायची नाही. दार उघडून, लावून, परत बटण दाबलं की तिसऱ्या खेपेला गुमान चालू. दुसरी: घरी चार्जिंग लागायचं, वीस मिनिटं चालायचं आणि तुटायचं. कधी लागायचंच नाही, बॉक्सवर लाल दिवा लुकलुकत राहायचा. रात्री मात्र बऱ्याचदा सुरळीत.

घाटावरच्या सर्व्हिस सेंटरला दादाने फोन केला होता. फोनवरच निदान मिळालं: ऑनबोर्ड चार्जर (गाडीच्या आत बसवलेला, घरच्या विजेने मोठी बॅटरी भरणारा) गेला असणार, गाडी फ्लॅटबेड ट्रकवर घालून आणा, पार्ट बदलायचा झाला तर साठ हजारांच्या पुढे धरून चाला. वॉरंटी बॅटरी आणि मोटरची उरली होती, चार्जरची संपलेली. बाग ऐन तोडणीत आणि गाडी आठवडाभर घाटावर, हे दादाला परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने मला फोन करायच्या आधीच ऑनलाइन ४४९ रुपयांचा निळा डोंगल, म्हणजे गाडीत खोचून तिचे आकडे फोनवर दाखवणारा अडॅप्टर, मागवून ठेवला होता.

पहिला रविवार: फोनने घातलेली भुरळ

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी १६ पिनांचा एक सॉकेट असतो, ओबीडी पोर्ट. पेट्रोल गाडीत प्रदूषणाचे नियम पाळले जातात की नाही ते बघायला तो आला. त्यामुळे पेट्रोल गाडीने कोणते आकडे कोणत्या भाषेत द्यायचे ते ठरलेलं आहे. इलेक्ट्रिक गाडीला धूरच नाही, त्यामुळे ते बंधनही तिला तसं लागू होत नाही. पोर्ट तोच, पिना त्याच, पण आतली माहिती प्रत्येक कंपनी आपापल्या पत्त्यावर ठेवते. डोंगल विकणाऱ्याच्या पानावर 'सर्व गाड्यांना चालतो' असं लिहिलेलं असतं, ते प्लगच्या आकारापुरतं खरं मानायचं.

आम्ही निळा डोंगल लावला, फोनला जोडला, ॲप उघडलं. ॲप म्हणालं, अडॅप्टर सापडला. मग म्हणालं, गाडी सापडत नाही. प्रोफाइल, म्हणजे ॲपमधली गाडीच्या मॉडेलची निवड, बदलून पाहिलं तेव्हा दोनचार आकडे आले आणि गोठले. तासभर आम्ही त्या फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो.

इथे माझी चूक कबूल करतो. दुकानात कुठलाही इन्व्हर्टर टेबलावर आला की मी पहिल्यांदा मीटर लावतो, आधी सप्लाय बघतो आणि मगच बोर्डाकडे वळतो. त्या रविवारी मीटर पिशवीतच राहिला. फोनवर रंगीत घड्याळं दिसणार म्हटल्यावर माझीही अक्कल चरायला गेली. वर आणखी एक, निघताना डोंगल पोर्टमध्येच सोडून दिला.

गुरुवारी गाडी पूर्ण मेली. किल्लीचं बटण दाबून दारही उघडेना.

स्वस्त डोंगलमध्ये काय स्वस्त असतं

या निळ्या डोंगलांमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांच्यात ज्या चिपची नक्कल असते ती ईएलएम ३२७ मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून बाजार नकलांनी भरला होता. त्यांतल्या पुष्कळांवर 'आवृत्ती १.५' छापलेलं असतं. एल्मने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती! 'आवृत्ती २.१' छापलेल्या बऱ्याच नकलांची गत आणखी वाईट: नाव नव्या चिपचं, पण तिच्या कितीतरी आज्ञा गाळलेल्या.

पेट्रोल गाडीचा वेग किंवा इंजिनाचं तापमान विचारलं तर उत्तर छोटं असतं, एका संदेशात मावतं. नकली चिप ते निभावते. इलेक्ट्रिक गाडीला शंभरेक सेलचे व्होल्टेज विचारले की उत्तर मालगाडीसारखं येतं, डब्यामागून डबा. गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन तारांवरून बोलतात त्या कॅन बसच्या एका संदेशात ८ बाइट मावतात, म्हणून गाडी पहिला डबा पाठवते आणि थांबते. डोंगलने 'पुढचे सोड' असा निरोप द्यायचा असतो. नकली डोंगलला तो निरोप योग्य पत्त्यावर देता येत नाही, किंवा आलेले डबे साठवायला जागा नसते. मग आकडे गोठतात आणि आपण गाडीवर खापर फोडतो. डोंगलला कोणत्या आज्ञा कळतात हे तपासणारी फुकट ॲपं मिळतात. आमच्या निळ्याला जुन्या आज्ञा कळत होत्या, नेमक्या या कामाच्या नाहीत.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवावा, असं माझं मत झालं आहे. आधी ॲपमध्ये आपल्या गाडीच्या मॉडेलचं प्रोफाइल आहे का ते बघायचं. कार स्कॅनरसारखं ॲप फुकट उतरवता येतं आणि डोंगल नसतानाही त्यातली गाड्यांची यादी चाळता येते. परदेशात निसान लीफवाल्यांकडे लीफस्पाय आहे, एकाच गाडीसाठी बनवलेलं. आपल्याकडच्या गाड्यांचं एवढं कोडकौतुक माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे यादी बघणं अधिकच गरजेचं. मग ते ॲप कोणते अडॅप्टर चांगले म्हणतं ते बघायचं. मग आपला फोन. आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल जोडलाच जात नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला लागतो. आणि वायफायवाला लावला की फोन डोंगलच्या नेटवर्कवर जातो, मग सापडलेला बिघाडाचा कोड इंटरनेटवर शोधायला दुसरा फोन. या सगळ्यातून जो डोंगल गाळून उरेल त्याची किंमत शेवटी.

आम्ही दुसऱ्यांदा व्हीलिंकर नावाचा डोंगल घेतला, ३,८०० रुपयांना. ओबीडीलिंकचे अडॅप्टर त्याहून वरचढ आहेत, पण दादाच्या एका गाडीसाठी तेवढे पैसे घालायला माझं मन धजेना. गॅरेज असतं तर घेतला असता.

दुसरा रविवार: आधी मीटर

या खेपेला मीटर लावून होईपर्यंत मी फोनला हात लावला नाही. माझा मल्टिमीटर १,४०० रुपयांचा आहे, कॅट थ्री ६०० व्होल्ट हा सुरक्षेचा दर्जा लिहिलेला, आत खरा फ्यूज असलेला. त्याहून स्वस्त पिवळे मीटर दीडदोनशेला मिळतात. १२ व्होल्टच्या कामाला तेही चालतात, पण घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटात मी तो घालणार नाही आणि दुसऱ्यालाही घालू देणार नाही.

पुष्कळांना अजून माहीत नसतं की इलेक्ट्रिक गाडीतही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या मोठ्या रिलेंच्या, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचांच्या, मागे बंद असते. ते रिले ओढायला, कॉम्प्युटर जागे करायला, दारं उघडायला लागते ती ही छोटी. गाडी रेडी झाली किंवा चार्जिंगला लागली की डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला भरतो. छोटी बसली की तीनशे व्होल्टचा हत्ती दारातच अडकतो.

दादाने ती गुरुवारपासून बाहेरच्या चार्जरवर दोन रात्री भरली होती. शनिवार रात्रभर गाडी बंद ठेवून रविवारी सकाळी बॉनेट उघडून मोजली: ११.९ व्होल्ट. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विसावल्यावर १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. दोन रात्री भरून ही गत.

मग गाडी रेडी केली, तिसऱ्या प्रयत्नात झाली. डीसी-डीसीकडून फ्यूज बॉक्सकडे येणाऱ्या जागी, बॉडी हा अर्थ धरून, १४.१. म्हणजे कन्व्हर्टर ठणठणीत. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.१. एक व्होल्ट वाटेत कोण खातंय?

गाडी बंद केली. हेडलाइट आणि पार्किंग लाइट चालू, साधारण १० अँपिअरचा भार. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी बॉडीच्या उघड्या बोल्टवर. दोन्ही एकाच तारेची टोकं, आकडा शून्याला चिकटलेला हवा. मीटरवर ०.८ व्होल्ट.

दादाला म्हटलं, चावी १० ची दे. निगेटिव्ह केबल जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते तिथला बोल्ट सोडवला. वरून तो साधा काळपट दिसत होता. केबलच्या टोकाचा लग (धातूची कडी) उचलला तर खाली हिरवट-पांढरी भुकटी, ओल्या मिठासारखी, बोटाला चिकटणारी. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दाराच्या कड्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, तिथे तांबं आणि लोखंड एकमेकांवर आवळून पाच वर्षं ठेवल्यावर दुसरं काय होणार? हा एक आकडा माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. १० अँपिअरला ०.८ व्होल्ट म्हणजे वाटेत ०.०८ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण गाडी जागी होताना कॉन्टॅक्टर, ब्रेकचा पंप, स्टिअरिंग एकदम ओढतात. क्षणभर २५ अँपिअर धरले तरी २ व्होल्ट त्या भुकटीतच जातात. ११.९ मधून २ गेले, कॉम्प्युटरांच्या वाट्याला ९.९. ते एकेक करून बेशुद्ध पडतात आणि जो शुद्धीवर असतो तो बाकीच्यांच्या नावाने दिवे लावतो.

पॉलिश पेपरने लग आणि बॉडी दोन्ही चकचकीत केली, खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, वाळवली, बोल्ट आवळला, वर पेट्रोलियम जेली थापली. तीच पिन, तोच भार: ०.०४ व्होल्ट. खर्च, जेलीची डबी मावशीच्या कपाटातून आली म्हणून शून्य.

पण बॅटरी महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेली. सोमवारी कणकवलीत बॅटरीच्या दुकानात लोड लावून बघितली. १५ सेकंदांत ९.६ च्या वर टिकायला हवी, ही ८.९ वर आली. नवी ५,६०० ला.

आमच्या निळ्या डोंगलचाही यात वाटा होता. पोर्टच्या १६ व्या पिनेवर बॅटरीचा पॉझिटिव्ह कायम असतो, गाडी बंद असली तरी. दुकानात तो डोंगल पॉवर सप्लायवर लावून मोजला तर नुसता बसूनही ४० मिलिअँपिअर खात होता. चार दिवसांत जवळपास ४ अँपिअर-अवर. एरवी चांगल्या बॅटरीला हे जाणवत नाही. शिवाय पडवीत बसलेल्या दादाच्या फोनमधलं ॲप त्याला आपोआप जोडलं जात होतं, त्यामुळे गाडीतली मॉड्यूलं, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, नीट झोपत नसावीत असा माझा अंदाज. रोगाचं निदान करायला आणलेलं यंत्र रोग्याचं रक्त पीत होतं.

कोड काय म्हणाले

नवा डोंगल आम्ही लावला तो लग साफ करायच्या आधी, जुने कोड पुसले जाण्याआधी. तो क्रम महत्त्वाचा. पुष्कळजण आधी 'कोड पुसा' दाबतात आणि मग कोड शोधत बसतात. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट.

अकरा कोड आले. त्यांतले सात 'यू' अक्षराचे. यू म्हणजे दोन कॉम्प्युटरांमधलं बोलणं तुटलं. उदाहरणार्थ यू०१०० आणि यू०१११, दुसरा बॅटरीच्या कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचा. असा कोड वाचून माणसाला घाम फुटतो, बॅटरीच गेली वाटते. पण एकाच वेळी सात जणांचं बोलणं तुटलं तर सातही जण आजारी असण्यापेक्षा लाइट गेली असण्याची शक्यता जास्त, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. आठवा कोड तेच सांगत होता: पी०५६२, सिस्टिम व्होल्टेज कमी. यादीत तो खाली कुठेतरी होता, लाल रंगही नव्हता त्याला. दोन कोड जुने, कंपनीचे खास, दिवे आणि सीटबेल्टसंबंधी. अकरावा ऑनबोर्ड चार्जरचा, एसी इनपुटबद्दल, म्हणजे सॉकेटातून येणाऱ्या विजेबद्दल. सर्व्हिस सेंटरचं फोनवरचं निदान आणि हा कोड जुळत होते. म्हणून तर तो फसवा.

तारांची खात्री करायला एक जुनी युक्ती वापरली. १२ व्होल्टची बॅटरी सोडवलेली असताना पोर्टच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजायचे. कॅन बसच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, समांतर म्हणून ६० दिसतात. आम्हाला ६१ दिसले, म्हणजे बसच्या तारा शाबूत. पोर्टच्या मागे गेटवे, म्हणजे पोर्ट आणि बसच्या मधला कॉम्प्युटर, असलेल्या गाडीत हा आकडा वेगळा येऊ शकतो, तेव्हा त्यावरून घाबरून जाऊ नये.

३,८०० रुपयांचं खरं चीज झालं ते मात्र कोडमुळे नाही. सगळ्यात वरचा सेल आणि सगळ्यात खालचा सेल यांच्यात फरक १२ मिलिव्होल्ट, ६० टक्के चार्जवर. मोठी बॅटरी तंदुरुस्त. बॉडी आणि मोठ्या बॅटरीमधलं इन्शुलेशन मेगाओहममध्ये. नियमांत प्रत्येक व्होल्टमागे ५०० ओहम हा कडक निकष धरला तरी ३२० व्होल्टला १६० किलोओहम पुरतात. दादा त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवला. निळ्या डोंगलने हे आकडे कधीच दाखवले नसते.

घरचं चार्जिंग, म्हणजे घरच

लग आणि बॅटरी झाल्यावर दिव्यांची दिवाळी थांबली. चार्जिंग मात्र दुपारी तुटायचं ते तुटायचंच. इथे एकही यंत्र न वापरता अर्धं निदान झालं. गाडी महामार्गावरच्या एका हॉटेलातल्या एसी चार्जरवर तासभर लावली, व्यवस्थित घेतली. म्हणजे ऑनबोर्ड चार्जर ठीक. मग गाडी आणि तिचा पोर्टेबल बॉक्स दोन्ही कणकवलीत माझ्या दुकानाच्या सॉकेटवर, चार तास, अखंड. म्हणजे बॉक्सही ठीक. गाडी ठीक, बॉक्स ठीक, मग राहिलं काय? साठ हजार वाचले ते इथे, आणि त्याला खर्च आला तो मधल्या जेवणाचा.

पोर्टेबल बॉक्स नुसती वायर नाही. वीज सोडायच्या आधी तो सॉकेटात अर्थ आहे का ते बघतो, आणि चालू असतानाही बघत राहतो. पटलं की मगच पायलट नावाच्या निरोपाच्या तारेवरून गाडीला सांगतो, इतके अँपिअर घे. अर्थ बिघडल्याचं वाटलं की तो हात आखडता घेतो. गाडीला कारण कळत नाही, ती फक्त एसी आला नाही अशी नोंद करते. अकरावा कोड तो.

सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं. सकाळी ३ व्होल्ट. दुपारी शेजारच्या बागेतला पंप सुरू झाल्यावर १४. पंप बंद, परत ४. त्या १४ ला बॉक्स लाल. रात्री पंप नसतात, म्हणून रात्री चार्जिंग सुरळीत. पंपवाल्याशी भांडायचं कारण नाही. न्यूट्रलमधून भार वाहिला की तेवढा फरक गावाकडे पडतोच. प्रश्न असा, की घरच्या अर्थला तो पेलत का नाही?

घराचं वायरिंग ज्याने केलं त्या वायरमनला बोलावलं. तो हसला. "मी तेव्हा तीन फूट खणलंय, खाली कातळ लागलो. पावसात बरा चालता. शिमगो सरलो की बोंब."

जांभ्यातून पाणी झरकन निथळतं. सप्टेंबरपर्यंत जमीन ओली, एप्रिलमध्ये खडखडीत. वीज जमिनीत जाते ती ओलाव्यातल्या क्षारांच्या आधाराने, कोरड्या जांभ्यात ती जाणार कुठे? वायरमनने आपली नेहमीची परीक्षा केली, फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब. बल्ब पेटला, जरासा मंद. "अर्थिंग असा की!" तो म्हणाला. मी त्याच वेळी न्यूट्रल-अर्थमध्ये मीटर धरला: ३५ व्होल्ट. बल्बमधून सुमारे ०.४ अँपिअर जात होते, म्हणजे अर्थ जवळपास ९० ओहमचा. पाचाच्या आत असता तर मी काही बोललो नसतो.

ही बल्बची परीक्षा घरी स्वतः करू नका. अर्थ पूर्ण तुटलेला असेल तर बल्बमधून येणारा फेज थेट फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर चढतो. आम्ही घरातले सगळे प्लग काढून, मावशीला पडवीत बसवून, परवानाधारक माणसाकडून केली.

नवीन अर्थिंगची जागा कुठली यावर अर्धा तास वाद. वायरमनला ते मीटरच्या खांबापाशी हवं होतं, तार कमी लागते म्हणून. तिथे परत कातळच. न्हाणीच्या मागे माड आहे, त्याच्या आळ्यात धुण्याभांड्याचं पाणी बारा महिने जातं आणि तिथली माती भर घातलेली आहे. तिथे खणायचं ठरलं. दुसरा वाद मीठ-कोळशाचा. वायरमनची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण आमच्याकडच्या पावसात मीठ दोन वर्षांत वाहून जातं आणि जातानाच लोखंडी पाइप खाऊन जातं. मी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइटच्या, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या मातीच्या, पिशव्या आणल्या. सगळं मिळून ४,२००, मजुरी धरून. वर चार्जिंगच्या सॉकेटला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच), टाइप ए. दुकानदार टाइप एसी गळ्यात मारत होता, तो चार्जिंगसाठी योग्य नाही. त्याचे १,९००.

पुन्हा बल्ब, या वेळी आरसीसीबीच्या अलीकडे, वीजमीटरच्या बाजूला, नाहीतर तो लगेच पडतो आणि पडायलाच हवा. मीटरवर ४ व्होल्ट. म्हणजे नऊदहा ओहम. पाच नाही मिळाले, कातळ शेवटी कातळ. पण दुपारी, पंप चालू असताना, बॉक्सचा दिवा हिरवा राहिला. दोन आजारांची सांगडही तेव्हा लागली. घरी चार्जिंग तुटायचं, म्हणून छोट्या बॅटरीला त्या वेळात मिळणारा खुराकही तुटायचा. बाजारात सहा किलोमीटर जाऊन यायचं, तेवढ्यात त्या खराब लगमधून ती काय भरणार?

मावशीला सांगितलं, आळ्यातलं पाणी कमी करू नका. ती म्हणाली, "गाडी चालूक जमनीक पाणी?"

जिथे हात लावला नाही

नारिंगी केबल, म्हणजे मोठ्या बॅटरीची. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. तीनशेवर व्होल्टचा डीसी माझ्या दुकानातल्या इन्व्हर्टरसारखा झटका देऊन सोडत नाही. त्याचे हातमोजे, त्याचं कुलूप, त्याचं प्रशिक्षण वेगळं. यूट्यूबवर पाहून मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग ओढणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या पद्धतीत स्वस्त हत्यारांची हद्द १२ व्होल्टच्या बाजूला आणि घराच्या सॉकेटापाशी संपते. डोंगल नारिंगी बाजूचे आकडे वाचून दाखवतो, ते वाचायचे आणि गप्प बसायचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागल्यावर, दादाच्या ओळखीचा एकजण जामसंड्याहून आपली गाडी घेऊन आला. त्याला कळलं होतं की इथे डोंगल आहे. गाडी वेगळ्या कंपनीची, पण प्रोफाइल सापडलं. एकच कोड: पी०एए६. मोठ्या बॅटरीच्या सर्किटचं बॉडीपासूनचं इन्शुलेशन कमी. पाण्यातून गाडी घातली होती का विचारलं, तर आदल्या दिवशी ओहोळ ओलांडला होता म्हणाला. १२ व्होल्ट मोजले, उत्तम. "तेवढा कोड पुसून द्या, दिवा गेला की झालं," असा त्याचा आग्रह.

कोड पुसला नाही. स्क्रीनशॉट त्याच्या फोनवर पाठवला, वॉरंटीचे कागद शोधायला सांगितले. दादाने एप्रिलमध्ये काढून ठेवलेला फ्लॅटबेडवाल्याचा नंबर कामी आला. गाडी पावसात करूळ घाट चढून गेली.